लाट मोजा, पण शाईने

(खांदा कॉलनीतल्या उन्हाळी व्याख्यानमालेतलं चौथं पुष्प. शब्दांकित.)



पत्रिकेत विषय छापलाय ‘शेअर बाजारातील लाटा’. मघाशी दारात एकांनी विचारलं, “समुद्रावर आहे का हो?” म्हटलं, बुडायची सोय दोन्हीकडे सारखीच. (हशा)

आधीच सांगतो, टिप मिळणार नाही. तिसऱ्या रांगेतले दोघं उठायच्या बेतात आहेत, दिसतंय मला. बसा. पंखा तिथेच बरा लागतो.

एलियटचे पाच आणि तीन तुम्हाला माहीत आहेत असं धरून चालतो. मुख्य दिशेला पाच लाटा, उलट दिशेला तीन. दुसरी लाट पहिलीच्या उगमापलीकडे जात नाही, तिसरी सगळ्यांत आखूड नसते, चौथी पहिलीच्या हद्दीत शिरत नाही. ज्यांना हे नवीन आहे त्यांनी शेजारच्याला विचारावं; बाजाराचं सगळं ज्ञान आपण असंच मिळवलंय.

माझं तुणतुणं वेगळं आहे. घरचे कंटाळलेत, आज तुमची पाळी. लाटा पेन्सिलने मोजू नका. शाईने मोजा.

मी जन्मभर हिशेबनीस. राल्फ नेल्सन एलियटही हिशेबनीसच. जन्म १८७१ चा, मध्य अमेरिकेत रेल्वेचे हिशेब बघायचा, आजारपणाने अंथरूण धरलं आणि बाजाराचे जुने आलेख पसरून बसला. आता आमच्या धंद्यात एक शिस्त असते. चुकीची नोंद खोडायची नाही, खाली उलट नोंद करायची. खाडाखोड दिसली की ऑडिटर चष्मा पुसायला घेतो. तर या एलियटने १३ मार्च १९३५ ला, बाजार बंद झाल्यावर, डेट्रॉइटचे गुंतवणूक सल्लागार चार्ल्स कॉलिन्स यांना तार केली की हा शेवटचा तळ आहे. बाजार तिथून फिरला आणि पुढे बराच काळ चढत राहिला. लोक तो तळ लक्षात ठेवतात. मी तार लक्षात ठेवतो. तारीख-वेळ पडलेली तार रबराने पुसता येत नाही!

आता माझी फजिती. १३ मे २०२४ ला निफ्टीने २१,८२१ ला तळ केला. २७ मेपर्यंत २३,११०. झाली पहिली लाट. ३० मेला उतरून २२,४१७; चढ निम्म्याहून थोडा जास्त परत दिला. दुसरी लाट, अगदी पुस्तकातल्यासारखी. शनिवारी संध्याकाळी लोकसभेचे एक्झिट पोल आले आणि ३ जूनच्या सोमवारी निफ्टी एका दिवसात ७३३ अंक चढून २३,२६३ वर बंद झाला. मी आलेखावर पेन्सिलने ‘३’ काढला, त्याभोवती गोल केला. गोल मी फार सुबक काढतो. आणि फ्युचरचे दोन लॉट घेऊन ठेवले. तेव्हा लॉट पंचवीसचा होता. सोयीसाठी निफ्टीचाच आकडा धरा, २३,२५० ला घेतले.

हा काउंट, म्हणजे लाटांची ही मोजणी, रद्द कुठे होतो? २२,४१७ ला. तिसरी लाट तिथून निघाली असेल, तर तिच्या पोटातली दुसरी लाट त्याच्या खाली जाऊच शकत नाही. मला हे पाठ होतं. पण लिहिलं कुठेच नव्हतं.

४ जूनला देशात मतमोजणी आणि आमच्या हॉलमध्ये लाटमोजणी. (हशा) दुपार व्हायच्या आत २२,४१७ गेलं. मी रबर घेतलं, ‘३’ पुसला आणि लिहिलं, ‘दुसरी अजून चालू’. मग २१,८२१ पण गेलं, म्हणजे ती दुसरीही मेली. पुन्हा रबर. ‘मोठ्या चौथीतला पसरट फ्लॅट, त्यातली क लाट.’ म्हणजे घसरणीचा शेवटचा टप्पा, पुढे चढच. कागद इतका घासला गेला की ‘३’च्या जागी भोक पडलं. २१,७०० ला मी हात टेकले आणि विकून टाकलं. नीचांक २१,२८१ चा, बंद २१,८८४ वर, शुक्रवारी परत २३,२९० आणि सप्टेंबरात २६,२७७. म्हणजे त्या भोकाशेजारी लिहिलेला शेवटचा काउंट बरोबर निघाला की हो! भाकीत खरं ठरलं आणि माझे ७७,५०० गेले. २२,४१७ हा आकडा आदल्या रात्री शाईने लिहिला असता, तर ४१,६५० वर सुटलो असतो. फरकाचा फ्रिज आला असता, हे वाक्य माझं नाही, सौ.चं आहे. ती मागे बसलीय. (हशा, टाळ्या)

काय म्हणालात सर? “मग हे ज्योतिषच झालं”? नाही सर, हे मी ऐकून घेणार नाही. अमुक आकड्याखाली गेलं तर माझी पत्रिका फाडून टाका, असं सांगणारा ज्योतिषी मला दाखवा. एलियटचे तीन नियम ‘काय होणार’ हे सांगत नाहीत, ‘आपण चुकलो’ हे सांगतात. फक्त ते ऐकायला आकडा आधी लिहिलेला लागतो.

आणि सर, तुम्ही मराठी शिकवायचात म्हणून लाटवाल्यांच्या लाडक्या आकड्यांचंही विचारतो. एक मात्रेचा लघु, दोन मात्रांचा गुरु. चार मात्रांची ओळ किती तऱ्हांनी भरेल? डावीकडच्यांनी टाळ्या वाजवा. लघुला टाळी, गुरूला टाळी आणि एक मात्रा थांबा. ल ल ल ल. गुरु ल ल. ल गुरु ल. ल ल गुरु. गुरु गुरु. पाच! उजवीकडच्यांनी पाच मात्रा घ्या. काकू, तुमचा गुरु लांबतोय. आठ भरतात, मोजा. का? शेवटी लघु असेल तर आधी चार मात्रा उरतात, त्यांच्या पाच तऱ्हा. शेवटी गुरु असेल तर आधी तीन उरतात, त्यांच्या तीन. पाच अधिक तीन, आठ. एक, दोन, तीन, पाच, आठ, तेरा. हे गणित विरहांकाने मांडलं, ११५० च्या सुमारास हेमचंद्राने मांडलं. ज्याच्या नावाने ही ओळ ओळखतात, त्या फिबोनाच्चीचं पुस्तक १२०२ चं. (टाळ्या) या ओळीतला आकडा पुढच्याने भागत गेलं की येतं ०.६१८; उलटी लाट तिथे थांबते असं लाटवाले मानतात. अर्थात, गणित आपलं म्हणून निफ्टी ६१.८ टक्क्यांवर थांबायला बांधील नाही. टाळ्या वाजवणाऱ्यांनी हेही ऐका.

चिठ्ठी आली. ‘पाच मिनिटे.’ टाळ्यांत फारच वेळ गेला. शेजारच्या विमानतळाच्या बातम्यांवर इथल्या प्लॉटच्या भावांनी काढलेल्या लाटा सांगणार होतो, पण पुढच्या रांगेत दोन एजंट बसलेत, राहू दे. पंधरा मिनिटांच्या आलेखाचं मात्र सांगतो. वेळेचा तुकडा जितका लहान, तितके एकाच चित्राचे काउंट जास्त. पाच जणांना द्या, सहा उत्तरं येतील. तिथे तर शाई हवीच हवी. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितलं, तीन आर्थिक वर्षांत फ्युचर-ऑप्शनमध्ये उतरलेल्या एक कोटीहून जास्त वैयक्तिक ट्रेडरांपैकी ९३ टक्के तोट्यात. त्यांच्याकडे आलेख नव्हते असं थोडंच आहे? मोबाइलवर होते, रंगीत होते. आणि मोबाइलवर रबरही लागत नाही, बोट फिरवलं की लाट पुसली.

हां, बोल बाळा. “काका, ते सगळं ठीक, उद्याचं काय?” (हशा) ये पुढे. ही माझी वही. निळ्या शाईने काउंट, शेजारी तारीख आणि रद्दचा आकडा. चुकला की खोडायचं नाही, खाली लाल शाईने उलट नोंद: किती गेले. उद्याचा काउंट शेवटच्या पानावर आहे. पण आधी मागची पानं चाळ. काय दिसतं? मोठ्याने सांग, ऐकू दे सगळ्यांना.

“काका, लालच जास्त आहे.”

आहेच. पण लालमधले आकडे वाच. लहान आहेत ना?

(घंटा)