एक स्वर, दोन नावं



थोड्याच वेळात आपण सगळे आपलं संमेलनगीत ऐकणार आहोत. साडेचार मिनिटांचं गाणं आहे, पण त्याला सात महिने आणि एकोणीस माणसं लागली. संयोजकांनी मला सांगितलंय, "तू सॉफ्टवेअरवाली, तू तांत्रिक बाजू सांग." ती सांगतेच.

हे गाणं आपल्या संगीताच्या बाईंनी दरवर्षी गॅदरिंगला बसवलं. पण त्याचं एकही रेकॉर्डिंग नाही, कुठल्या वहीत नोटेशन नाही. बाई गेल्या आणि चाल उरली ती आपल्या डोक्यात, प्रत्येकाच्या थोडी वेगळी. आणखी वीस वर्षांनी तीही उरली नसती. चाळिशीनंतर मी हौसेने म्युझिक प्रॉडक्शन शिकायला लागले होते. त्याचा उपयोग करायची हीच वेळ होती.

पहिलं काम गोळा करण्याचं. सगळ्यांना सांगितलं, दुसऱ्याचं न ऐकता फोनवर गाऊन पाठवा. अकरा जणांचं आलं. मुखडा सगळ्यांचा सारखा, पण अंतऱ्याच्या शेवटच्या ओळीत सहा जणांचा निषाद कोमल, पाच जणांचा शुद्ध! आमच्या धंद्यात अशा वेळी एक आवृत्ती ठेवून दुसरी पुसतात. आपला तबलजी मित्र म्हणाला, "बाई दोन्ही घेत असतील तर?" मग पहिल्यांदा कोमल घेतला आणि ओळ परत येते तेव्हा शुद्ध. ऐकल्यावर वाद मिटला.

दुसरं काम शब्दांचं. तिसरा अंतरा कुणालाच आठवेना, म्हणून चौघांनी मिळून नवा लिहिला आणि आपल्या मराठीच्या सरांना पाठवला. सरांनी लाल पेनाने 'आठवणी' हा शब्द खोडला. म्हणाले, "आठवणी म्हणू नका, आठवण येईल असं काहीतरी लिहा." त्या जागी आता मैदानाकडचा गळका नळ आहे. चाल आधीच ठरलेली असली की मात्रा मोजून शब्द बसवावे लागतात. 'नळ' बसवायला आम्हाला दोन रविवार लागले.

तिसरी अडचण पट्टीची. शाळेत आपण सगळे एकाच पट्टीत गायचो. आता मुलं काळी एकमध्ये सुखी, मुली काळी चारमध्ये. इथे मला संगीत संयोजन म्हणजे काय ते कळलं. काळी एकचा पंचम म्हणजेच काळी चारचा षड्ज. मुलांचा अंतरा संपतो तिथे बासरी तो एकच स्वर धरून ठेवते. मुलांसाठी तो 'प' असतो, आणि तोच 'सा' मानून मुली उचलतात. स्वर बदलत नाही, फक्त त्याचं नाव बदलतं.

चौथी अडचण अंतराची. २०२० च्या गणपतीत व्हिडिओ कॉलवर आरती केलेली आठवते ना? कुणाच्या टाळ्या कुठे, कुणाचा 'जयदेव' कुठे! हवेत आवाजाला एक मीटर जायला सुमारे तीन मिलिसेकंद लागतात. एका खोलीत ते जाणवत नाही. इंटरनेटवर मात्र उशीर सहज शंभरावर जातो आणि ताल धरता येत नाही. म्हणून प्रत्येकाने हेडफोनवर एकच ठेका ऐकत आपापल्या घरी गायचं ठरलं. पंखा बंद, गोधड्या टांगलेल्या, कुणी तर कपड्यांच्या कपाटात तोंड घालून. ते सगळे ट्रॅक मी एकाखाली एक लावले.

शेवटी मिक्सिंग. नवशिक्याला वाटतं, सगळ्यांचं सगळं ऐकू आलं पाहिजे. पण पेटी आणि गळा एकाच टापूत वावरतात, दोघं एकदम बोलले की शब्द बुडतात. म्हणून ओळ चालू असताना पेटी मागे, ओळ संपली की पुढे. आपल्या पेटीवाल्या मैत्रिणीने स्वतःचे दोन पीस स्वतःच काढायला सांगितले. "गाणं मोकळं होतंय," म्हणाली. सात महिन्यांत मी जे शिकले, त्यातला सगळ्यात मोठा धडा तिचा.

गाण्याखाली गीतकार-संगीतकारांची नावं असतात. वादक आणि संयोजक बहुतेकदा नसतात. प्रभाकर जोगांसारखं 'गाणारं व्हायोलिन' म्हणून नाव झालेले वादक थोडेच. म्हणून आपल्या गाण्याखाली 'संगीत' म्हणून बाईंचं नाव आहे आणि खाली एकोणीस नावं आहेत. दोन स्वर काढणाऱ्या मैत्रिणीचंही.

एकच विनंती. ज्यांनी अजून गायलं नाही, त्यांनी आज इथून जाण्याआधी शेजारच्या वर्गात दोन ओळी गाऊन जा. सूर लागो न लागो. कोरसमध्ये जागा आहे, ट्रॅक कितीही वाढवता येतात. आणि सर, बाईंची दुसरी कुठली चाल तुम्हाला आठवत असेल, तर आजच गुणगुणून ठेवा. माईक मी लावून ठेवलाय.