काटा नाचतोय, पण बिघाड काट्यात नाही

आज गोष्ट मानवतच्या एका जिनिंगमधली. नाव नको. रुईची गाठ काट्यावर ठेवली की आकडा 168, 171, 169 असा नाचायचा, आणि मोटर बंद केली की गपगार. मालकाचा संशय वजन लिहिणाऱ्या पोरावर! गाठ असते साधारण 170 किलोची. शंभर गाठींच्या गाडीत गाठीमागे 2 किलो चुकले तर 200 किलो झाले, म्हणजे अर्ध्या खंडीहून जास्त. पोराची नोकरी जायची वेळ आली होती.

आता काट्याखाली असतो लोड सेल. त्याला 10 व्होल्ट दिले तर पूर्ण वजनाला तो परत देतो साधारण 20 मिलिव्होल्ट. काटा 500 किलोचा धरा, म्हणजे एका किलोला फक्त 40 मायक्रोव्होल्ट! आणि ही नाजूक वायर कुठून नेलेली? मोटरच्या केबलच्या ट्रेमधून. मोटर व्हीएफडीवर, म्हणजे आत जवळपास 590 व्होल्ट सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतायत. मग काटा नाचणार नाही तर काय?

"पण शील्डवाली केबल टाकलीय ना," वायरमन म्हणाला. खरं होतं. फक्त शील्डची जाळी त्यानं दोन्ही टोकांना अर्थ केली होती, काट्याच्या लोखंडी फ्रेमला आणि पॅनललाही. दोन जागच्या अर्थमध्ये थोडा तरी व्होल्टेजचा फरक असतोच. मग जाळीतूनच करंट फिरतो, आणि ज्या जाळीनं वाचवायचं तीच त्रास द्यायला लागते.

आम्ही काट्याकडचं टोक सोडवलं, टेप मारली, जाळी फक्त पॅनलकडे अर्थ ठेवली. सेन्सरची केबल वेगळ्या पाइपातून, मोटरच्या केबलपासून हातभर लांब नेली. एका जागी ओलांडावीच लागली, तिथे काटकोनात. समांतर अजिबात नाही.

गंमत बघा, व्हीएफडी ते मोटर या केबलचं उलटं असतं. तिची शील्ड दोन्ही टोकांना, रुंद क्लॅम्पनं अर्थ करायची. जाळी पिळून लांब शेपटी काढली की निम्मा उपयोग गेला. कंपनीचं मॅन्युअल वेगळं सांगत असेल तर मात्र मॅन्युअलचं ऐका, माझं नको.

संध्याकाळी मोटर सुरू केली. आकडा 170 वर थांबला. पोरानं तीच गाठ तीनदा काट्यावर घेऊन पाहिली, मालकाला शेजारी उभं करून.