पुसल्या गेलेल्या प्रश्नाची गोष्ट

श्रोतेहो, संगणकाचा पडदा एकाएकीं थिजावा आणि यंत्रानें पुनः आरंभापासून सुरू व्हावें, हा अनुभव आपणांपैकीं बहुतेकांनीं घेतला असेल. अशा वेळीं आपण यंत्राला दोष देतों. परंतु कित्येकदां तें थांबणें हाच त्याचा प्रामाणिकपणा असतो, असें मी म्हटलें तर आपणांस नवल वाटेल.

संगणकांतील इतर सर्व कार्यक्रमांवर देखरेख ठेवणारा जो मुख्य कार्यक्रम, त्यास कर्नल म्हणतात. पलटणींतल्या कर्नलाशीं त्याचें नातें नाहीं. बीच्या आंतील गर या अर्थाचा तो शब्द आहे. प्रोसेसरला एखादी अशक्य आज्ञा मिळाली, किंवा जेथें स्मृतीच नाहीं असा पत्ता मिळाला, म्हणजे तो हातांतील काम टाकून कर्नलनें आधींच नेमून दिलेल्या ठिकाणीं धांव घेतो. यास ट्रॅप म्हणतात. चूक साध्या कार्यक्रमाची असेल तर कर्नल तेवढा कार्यक्रम बंद करतो. चूक खुद्द कर्नलचीच असेल तर प्रसंग बिकट. लिनक्समध्यें तेव्हां 'उप्स' हा उद्गार नोंदींत उमटतो, आणि पुढें जाणें धोक्याचें असेल तर 'पॅनिक' पुकारून सर्व व्यवहार थांबविला जातो. विपरीत हिशेब लिहीत बसण्यापेक्षां दुकान बंद ठेवलेलें बरें, असा हा विचार.

आतां दुसरें पात्र. माणसानें लिहिलेला मजकूर प्रोसेसरच्या भाषेंत उतरविणारा दुभाषी म्हणजे कंपायलर. चांगला दुभाषी पाल्हाळ गाळतो, तसा हाहि निरर्थक वाटणाऱ्या ओळी गाळून काम जलद करतो. या चातुर्यांतूनच २००९ सालचा प्रसंग ओढवला.

लिनक्सच्या २.६.३० या आवृत्तींत 'टन' नांवाचा एक भाग होता. त्यांत एका पत्त्यावरून माहिती आधीं वाचली जाई, आणि मग 'हा पत्ता शून्य तर नाहीं ना?' असा प्रश्न विचारला जाई. शून्य पत्ता म्हणजे 'येथें घर नाहीं' अशी खूण. पाहुण्यास पाटावर बसवून मग 'आपण कोण?' म्हणून विचारावें, तसाच हा प्रकार! घरचा हुशार गडी म्हणेल, ज्याअर्थीं यजमानांनीं पाटावर बसविलें, त्याअर्थीं ओळख असणारच. जीसीसी या कंपायलरनें नेमका हाच तर्क केला. सी भाषेंत शून्य पत्त्यावरून वाचणें वर्ज्य आहे. लेखकानें तर वाचलें. तेव्हां पत्ता शून्य नसलाच पाहिजे. मग प्रश्न कशाला? आणि त्यानें तो प्रश्नच पुसून टाकला. भाषेच्या नियमांप्रमाणें त्याचें कांहीं चुकलें नव्हतें.

एरवीं शून्य पत्ता वाचतांच ट्रॅप होऊन चूक उघडकीस आली असती. परंतु त्या काळीं कांहीं आडवाटांनीं साध्या कार्यक्रमासहि शून्य पत्त्यावर आपली स्मृति मांडतां येत असे. ती मांडली कीं ट्रॅपहि नाहीं आणि प्रश्नहि नाहीं! त्या वर्षीच्या जुलैंत ब्रॅड स्पेंग्लर या संशोधकानें प्रत्यक्ष दाखवून दिलें कीं, या फटींतून साध्या वापरणाराच्या हातीं सर्व यंत्राची सत्ता येऊं शकते.

उपाय दोन झाले. प्रश्न आधीं व वाचन नंतर, असा ओळींचा क्रम लावण्यांत आला. आणि कर्नल उतरवितांना शून्य पत्त्याविषयींचे प्रश्न गाळूं नयेत, अशी सक्त ताकीद कंपायलरला त्याच वर्षीं देण्यांत आली.

श्रोतेहो, येथें लेखकाची चूक एका ओळीच्या क्रमाची, आणि दुभाष्याचा अपराध एवढाच कीं त्यानें लेखकावर पूर्ण विश्वास ठेवला. यंत्र थांबलें असतें तर चार लोक चिडले असते, पण घर सुरक्षित राहिलें असतें. तें थांबलें नाहीं, हाच खरा घात. म्हणून पडदा थिजला तर रागावण्यापूर्वीं क्षणभर विचार करावा: कदाचित् आंत कोणी दारावरच 'आपण कोण?' असें विचारलें असेल, आणि त्यास उत्तर मिळालें नसेल.