हजेरीपटावर नाव कुणाचं?



माझ्या आधी दोन वक्ते बोलले. एक म्हणाले, आरोग्यविम्यावरची सरकारी बंधनं काढा, कंपन्यांना मोकळं सोडा, चढाओढ लागेल, हप्ता आपोआप उतरेल. दुसरे म्हणाले, बंधनं आणखी आवळा. दोघंही शिकलेले, दोघांनीही आकडे दिले. मी दोघांचं नीट ऐकलं. पण ऐकताना डोळ्यांपुढं सारखी माझ्या आईची पगाराची चिठ्ठी येत होती.

आई एका खाजगी दवाखान्यात झाडूपोछा करायची. पण दवाखान्याची माणूस नव्हे ती. ठेकेदाराची. चिठ्ठीवर दर महिन्याला ईएसआयचे पैसे कापलेले. कायद्याचं बंधन होतं ना, म्हणून कापलेले! एक दिवस ओल्या जिन्यावरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. जिना त्याच दवाखान्याचा, ओला केला तिनंच. पण तिथं तिला खाट मिळाली नाही. टॅक्सीत घालून कामगार रुग्णालयात नेली तर खिडकीवरचा माणूस म्हणतो, नंबर बंद आहे, अकरा महिने भरणाच नाही. ठेकेदारानं कापले होते, भरले नव्हते. आई स्ट्रेचरवर, आणि मी चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन खिडकीशी भांडतोय.

नंतर कायद्याचं पुस्तक मिळवून वाचलं. 1948 च्या त्या कायद्यात स्वच्छ लिहिलं होतं की ठेक्यावरच्या माणसाचीही वर्गणी आधी मूळ मालकानं भरायची, मग ठेकेदाराकडून वळती करून घ्यायची. मालकानं बुडवली तर महामंडळानं कामगाराला लाभ द्यावा आणि मालकाकडून वसूल करावा, अशीही सोय होती. कलम होतं. ते त्या खिडकीपर्यंत पोचलं नव्हतं एवढंच. आईचं हाड शेवटी महापालिकेच्या दवाखान्यात बसवलं. पट्टी आणि स्क्रूचे पैसे व्याजानं काढले.

म्हणून ‘बंधनं आवळा’ म्हणणाऱ्या साथीला माझं विचारणं आहे, आवळणार कुणावर? 2019 साली सरकारनं या विम्याची वर्गणी साडेसहा टक्क्यांवरून चार टक्क्यांवर आणली. मालकाचा वाटा सव्वातीन, कामगाराचा पाऊण. मालकाचं ओझं हलकं झालं. भरणा न करणाऱ्या ठेकेदाराच्या दारात मात्र कोण गेलं? आणि 2018 च्या डिसेंबरात अंधेरीच्या कामगार रुग्णालयाला आग लागली, माणसं गुदमरून मेली. ते रुग्णालय कुठल्या भांडवलदाराचं नव्हतं, आपल्या पैशाचं होतं. हे आपण लपवायचं कारण नाही.

आता मोकळ्या बाजाराकडं येतो. बाजार काही कालचा नाही. सरकारनं 107 विमा कंपन्या ताब्यात घेऊन 1973 पासून चार सरकारी कंपन्या केल्या. त्यांनीच 1986 साली मेडिक्लेम आणला. मग 1999 च्या कायद्यानं दार परत उघडलं. परक्या भांडवलाला आधी 26 टक्के, 2015 साली 49, 2021 साली 74, आणि 2025 च्या अर्थसंकल्पात शंभर टक्क्यांची घोषणा. आणखी किती मोकळं करायचं राहिलंय?

विमा कंपनीचं पोट कशावर भरतं ते समजून घ्या. हप्ते गोळा करायचे, दावे कमी द्यायचे. म्हणजे तिचं सगळ्यात लाडकं गिऱ्हाईक कोण? जो आजारी पडत नाही तो. गटारात उतरणारा, दगडखाणीत धूळ खाणारा, चामड्याच्या कुंडात हात घालणारा तिला परवडत नाही. आधीपासूनच्या आजाराला चार-चार वर्षं थांबवायची मुभा कंपन्यांना होती. 2024 साली ती तीन वर्षांवर आली. ती चढाओढीनं आली काय? नियामकानं हुकूम काढला तेव्हा आली! इथं बंधनाची बाजू खरी आहे, आणि पहिल्या वक्त्यांनी ती सांगितली नाही.

आणि हा हिशेब बघा. दोन लाखांची पॉलिसी. आत बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, खोलीचं भाडं विम्याच्या एक टक्का, म्हणजे रोज दोन हजार. रात्री दोन वाजता दवाखान्यात चार हजारांचीच खोली शिल्लक असते. तुम्हाला वाटतं, वरचे दोन हजार खिशातून भरू. नाही बाबा! खोली दुप्पट, म्हणून शस्त्रक्रियेचं बिल, डॉक्टरची फी, सगळंच अर्ध्यावर येतं. ऐंशी हजारांचे चाळीसच मिळतात. उरलेले तुम्ही बघा. मोकळ्या बाजारात गिऱ्हाईक राजा असतो म्हणे. हा असला राजा.

तिसरा रस्ता सरकारनं काढलाय, हप्ता गरिबाच्या वतीनं आम्ही भरतो. 2018 पासून पाच लाखांचं कार्ड. आपल्याकडच्या योजनेला तर थेट जोतीराव फुल्यांचं नाव. काही जणांची ऑपरेशनं त्यावर झाली, नाकारत नाही. पण कार्ड चालतं ते भरती झाल्यावर. साखरेची, रक्तदाबाची रोजची गोळी त्यात बसत नाही. आपला माणूस त्या गोळीपायी खचतो आणि मग भरती होतो. तेव्हा पैसा सरकारचा, खाट बऱ्याचदा खाजगी.

खाजगी दवाखान्यांचे दर बांधता येत नाहीत असं आपल्याला सांगतात. 2020 च्या मे महिन्यात याच महाराष्ट्र सरकारनं बांधले. ऐंशी टक्के खाटा ताब्यात घेऊन कोरोनाच्या पेशंटला रोजचे चार हजार, अतिदक्षता साडेसात, व्हेंटिलेटरसह नऊ हजार. बिलं तपासायला माणसं बसवली. तरी लुटणारे लुटत होते. पण दर बांधता येतो हे सिद्ध झालं. तेव्हा आजार बंगल्यातही शिरला होता, हे विसरू नका.

बाबासाहेब मजूरमंत्री असताना, 1943 साली प्राध्यापक अडारकरांकडं कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना सोपवली गेली. 1944 ला अहवाल आला, त्यातून 1948 चा कायदा झाला. आणि 1947 साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये बाबासाहेबांनी मागणी केली की विम्याचा धंदा फक्त राज्याचा असावा आणि प्रत्येक प्रौढ माणसाचा त्याच्या मजुरीच्या मानानं आयुर्विमा सक्तीनं उतरवावा. ते आयुर्विम्याबद्दल लिहीत होते, बरोबर. पण ‘प्रत्येक’ हा शब्द बघा. मस्टरवर आहे तोच, असं त्यांनी लिहिलं नाही. घटनेत ती मागणी आली नाही. का आली नाही, ते तुम्ही जाणता.

मी बाजाराच्या बाजूचा नाही. धंदा राज्याचाच हवा. पण राज्य म्हणजे खिडकीवरचा तो माणूस नव्हे, आणि ठेकेदाराचा चहा पिऊन जाणारा इन्स्पेक्टर तर नव्हेच. वही आपल्यालाही दिसली पाहिजे. दर महिन्याची भरण्याची पावती गेटवर लावा, एवढी साधी मागणी आपण ठेवलीय. मालक ती लावत नाही, यातच काय ते समजा.

सोमवारी सकाळी नऊला सगळे गेटवर या. झाडूवाले, वॉर्डबॉय, आया, लिफ्टवाले, रात्रपाळीचे वॉचमनसुद्धा. पगाराच्या चिठ्ठ्या बरोबर आणा. फाटलेल्या असल्या तरी आणा. आईच्या चिठ्ठ्या मी आणतोय.

जयभीम.