सतरंजीवर मांडलेले फोन

हातातलं काम सोडू नका, ऐकता ऐकता चालू द्या.

गेल्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत एका ताईंनी अंतर्गत कर्ज मागितलं. नव्या फोनसाठी १४ हजार. आम्ही वहीत हिशेब मांडला. शेकडा दोन व्याज, महिन्याला १,४०० मुद्दल, दहा हप्ते. नुसतं व्याजच १,५४० रुपये! "ताई, आताच्या फोनला झालंय काय?" "काही नाही हो, बटणाचा आहे. लोक हसतात."

मग आम्ही अकराही जणींनी आपापले फोन सतरंजीवर काढून ठेवले. कोणता फोन कुठल्या कामाला येतो ते बघायचं ठरलं.

पहिल्या काकूच बोलल्या. मागच्या पावसाळ्यात रात्री त्यांच्या सुनेला कळा सुरू झाल्या. लाईट दुपारपासून गेलेली. मुलाचा महागाचा फोन संध्याकाळीच बंद पडलेला. १०८ ला फोन लागला तो काकूंच्या बटणाच्या डबड्यावरून. गाडी आली, नातू दवाखान्यात झाला. काकू सांगत होत्या तेव्हा कोणी हसलं नाही.

असं का होतं? नव्या फोनची बॅटरी खरं तर मोठी असते. पण मोठा स्क्रीन आणि सतत चालू असलेलं नेट तिला खाऊन टाकतात. बटणाच्या फोनला हा खर्चच नाही, म्हणून एका चार्जिंगवर चार-पाच दिवस निघतात. बॅटरी बसलीच तर मागचं झाकण काढून घरच्या घरी नवी घालायची. नव्या फोनचं झाकण आपल्याला उघडतच नाही, दुकान गाठावं लागतं.

हातांचंही बघा. खुरपून, भांडी घासून आपल्या बोटांच्या रेषा झिजलेल्या. ओल्या, मातीच्या हाताला स्क्रीन दाद देत नाही, अंगठा लावला तर ओळखत नाही. बटण मात्र दाबलं की दाबलं. पाचच्या बटणावर बारीक उंचवटा असतो, अंधारातही नंबर लागतो.

आणि हा आपला रेडिओ! बहुतेक फोनमध्ये इअरफोनची वायरच एरियलचं काम करते. बऱ्याच महाग फोनांना ती वायर घालायचं भोकच ठेवलेलं नाही. २०२३ साली केंद्र सरकारने कंपन्यांना सांगितलं होतं, फोनमधला एफएम बंद करू नका, पूर-वादळात तोच कामाला येतो.

पण जुनं ते सगळं सोनं, असंही आम्ही म्हणत नाही. गटाचे फोटो, ऑनलाईन फॉर्म, मुलांचा अभ्यास बटणाच्या फोनवर होत नाही. फार जुन्या अँड्रॉइडवर व्हॉट्सअ‍ॅप चालत नाही. फक्त टूजी चालणाऱ्या फोनमध्ये जिओचं सिम लागत नाही, ते घेण्याआधी विचारून घ्या. बॅटरी फुगली असेल तर एक दिवसही वापरू नका. पैशांसाठी मात्र सोय आहे: नंबर बँकेला जोडलेला असेल तर *९९# लावून नेट नसतानाही शिल्लक बघता येते. पिन तेवढा कोणाला सांगायचा नाही, नातवालासुद्धा.

शेवटी त्या ताईच म्हणाल्या, पोरगी बारावीला आहे, फॉर्म भरायला दर वेळी शेजारी जावं लागतं. हे आधी सांगितलं असतं तर एवढा वेळ गेलाच नसता! सहा हजार मंजूर केले. इअरफोनचं भोक असलेला साधा फोन पोरीसाठी घेतला. बटणाचा ताईंच्या कमरेच्या पिशवीत आहे.

पुढच्या आठवड्यात भेटू. वायर जोडून ठेवा.