जकार्ता ओळखताना



संयोजकांनी मला ‘परदेशातले अनुभव’ असा विषय दिलाय. परदेश फार मोठा आहे, म्हणून मी फक्त जकार्ताबद्दल बोलते. कंपनीच्या कामासाठी २०१५ मध्ये आम्ही तिथे गेलो आणि पाच वर्षं राहिलो.

कागदोपत्री जकार्ताचे मध्य, उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम असे पाच भाग. प्रत्येकाला महापौर आहे, पण तो निवडून येत नाही, गव्हर्नर नेमतो. भोवती बोगोर, देपोक, तांगेरांग, बेकासी. सगळ्यांची सुरुवातीची अक्षरं जोडून लोक ‘जाबोदेताबेक’ म्हणतात. हा शब्द न अडखळता म्हणायला मला महिना लागला! घर शोधताना एजंट एवढंच सांगायचा, “दक्षिण चांगलं.” का चांगलं, ते सांगत नसे.

ते मला कळलं वस्त्यांच्या नावांवरून. पासार सेनेन म्हणजे सोमवारचा बाजार, पासार रेबो बुधवारचा, पासार मिंग्गु रविवारचा. पुण्याच्या पेठा आठवल्या ना? केबोन सिरीह म्हणजे विड्याच्या पानांची बाग. ‘रावा’ म्हणजे दलदल, ‘पुलो’ म्हणजे बेट, ‘मुआरा’ म्हणजे नदीचं मुख. सुंदा भाषेत ‘ची’ म्हणजे पाणी. म्हणून चिकिनी, चिलांदाक आणि चिलिवुंग नदी. रावा बुआया म्हणजे मगरींची दलदल. मगरी गेल्या, इमारती आल्या, पाणी मात्र अजून आपली जागा शोधत येतं.

शहरातून तेरा नद्या वाहतात. नळाचं पाणी सगळ्यांना पुरत नाही, म्हणून जमिनीतलं उपसतात आणि उत्तरेची जमीन खचत जाते. मुआरा बारूला समुद्राच्या भिंतीवर उभी राहिले होते. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला त्याच्याहून खाली असलेला रस्ता आणि त्यावर खेळणारी मुलं. दक्षिण उंचावर आहे, म्हणून महाग. अर्थात तिथेही केमांगसारख्या उच्चभ्रू भागात पाणी शिरतंच. १ जानेवारी २०२० ला हलीम विमानतळावर एका दिवसात ३७७ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्या पुरात साठहून अधिक माणसं गेली.

आमच्याकडे स्वयंपाकाला एक इबू यायच्या. इबू म्हणजे आई, पण कुठल्याही मोठ्या बाईला तसंच म्हणतात. त्या चिलिवुंगच्या काठी बुकित दुरीत राहायच्या. नावाचा अर्थ काट्यांची टेकडी, पण घरात दरवर्षी पाणी. २०१६ मध्ये नदी रुंद करायला तिथली घरं पाडली आणि लोकांना पूर्वेच्या टोकाला, रावा बेबेकच्या सरकारी इमारतींमध्ये हलवलं. रावा बेबेक म्हणजे बदकांची दलदल. इबू हसून म्हणाल्या, “टेकडीवर होतो तेव्हा भिजत होतो, आता दलदलीत कोरडे आहोत.”

इंजिनियर म्हणून मला नदी रुंद करणं पटतं. पण जुन्या घरासमोर इबू संध्याकाळी केळ्याची भजी विकायच्या, ते बंद झालं. नव्या घराला भाडं होतं. आमच्याकडे सातला पोचायचं तर पाचच्या आधी निघावं लागे. मी वेळ बदलून दिली, भाड्याचं काय करणार?

सांगलीकरांना पूर समजावून सांगायला नको. आपण कोयनेतून किती सोडलं ते विचारतो आणि आयर्विन पुलाचे फूट मोजतो. तिथे बोगोरजवळच्या कातुलाम्पा बंधाऱ्याचे सेंटिमीटर मोजतात. ते पाणी शहरातल्या मांगाराईच्या दरवाजांपाशी यायला साधारण नऊ तास लागतात. तेवढ्यात कागदपत्रं, तांदूळ आणि म्हातारी माणसं वर न्यायची. इबूंकडे कागदांची प्लॅस्टिकची पिशवी दाराला कायम टांगलेली असे.

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विनला पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं, तेव्हा आईबाबा गावभागात दुसऱ्या मजल्यावर अडकले होते आणि मी जकार्तात फोन लावत बसले होते. ऑफिसात सगळ्यांनी आस्थेनं विचारलं, “घरचे सुखरूप आहेत ना?” इबूंनी चहाचा कप माझ्यापुढे ठेवला आणि विचारलं, “वरून अजून किती सोडणार आहेत?”