निरनिराळ्या भाषांचे एक राष्ट्र
(मठाच्या वर्धापनोत्सवात झालेले व्याख्यान)



उत्सवाच्या दिवसांत संतचरित्र किंवा पुराणांतील एखादे आख्यान ऐकावे, ही आपली परंपरा. ती सोडून मी आज युरोपखंडातील एका चिमुकल्या देशाचा इतिहास सांगावयास उभा आहे, याचे कोणास नवल वाटेल. परंतु त्याला कारण आहे. आपल्या मठात दोन भाषा बोलणारे भक्त एका पंक्तीस बसतात. उत्सवाचा स्मरणग्रंथही दोन भाषांत निघत आहे. मठाच्या आत जे इतके सहज घडते, ते मठाबाहेर, बाजारात, कचेरीत आणि शाळेच्या दारात तितके सहज का घडत नाही, हा प्रश्न भाषांच्या सीमेवर राहणाऱ्या माणसाची आयुष्यभर सोबत करतो. म्हणून ज्यांनी हा प्रश्न शतकानुशतके झेलला, त्या स्विस लोकांची कथा आपण ऐकावी, असे मला वाटले. शिवाय या कथेच्या ऐन मध्यावर एक विरक्त पुरुष उभा आहे, आणि त्याची गोष्ट सांगावयास मठाहून योग्य स्थान कोणते?

स्वित्झर्लंडचे क्षेत्रफळ सुमारे ४१ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या सातव्या हिश्शाहूनही कमी. एवढ्याशा भूमीत जर्मन, फ्रेंच, इटालियन आणि रोमान्श अशा चार भाषा नांदतात. कॅथलिक व प्रॉटेस्टंट असे दोन पंथ आहेत. मध्ये आल्प्सच्या भिंती उभ्या. सर्वांना एका छत्राखाली आणणारा राजवंशही तेथे झाला नाही. मग हे लोक एक झाले कसे?

आरंभ अगदी साधा आहे. इ. स. १२९१ मध्ये उरी, श्वीझ आणि उंटरवाल्डन या तीन डोंगरी मुलखांतील लोकांनी एक करार केला. कोणी बाहेरचा चालून आला तर परस्परांच्या साह्यास धावावे आणि आपसांतील तंटे आपणच मिटवावेत, एवढाच त्याचा आशय. तो लॅटिन लेख श्वीझ गावी आजही जपून ठेवलेला आहे. हळूहळू त्यांना शेजारी येऊन मिळाले. १३३२ मध्ये लुसर्न, १३५१ मध्ये झुरिच, पुढच्या वर्षी ग्लारुस व झूग, १३५३ मध्ये बर्न. या घटकांना कँटन म्हणतात. प्रत्येकाचा कारभार वेगळा, कायदा वेगळा, निशाण वेगळे. हे राष्ट्र नव्हते. संकटकाळी एकमेकांना हाक मारणाऱ्या शेजाऱ्यांचा तो संघ होता.

संकटात एकी टिकते. खरी परीक्षा होते ती विजयानंतर. १४७४ ते १४७७ या काळात या संघाने बर्गंडीच्या बलाढ्य ड्यूकचा पराभव केला. अपार लूट हाती आली, आणि वाटणीवरून भांडण पेटले. त्यातच फ्रीबूर आणि सोलोथुर्न ही दोन नगरे संघात येऊ इच्छीत होती. त्यांना घेतले तर नगरांचे पारडे जड होईल, अशी डोंगरी कँटनांना धास्ती. डिसेंबर १४८१ मध्ये स्टान्स येथे सभा भरली, आणि यादवी युद्ध उंबरठ्याशी येऊन ठेपले.

स्टान्सपासून काही कोसांवर रान्फ्ट नावाच्या दरीत निकोलस फॉन फ्लूए हा एकान्तवासी राहत असे. हा जन्माचा बैरागी नव्हता. तो शेतकरी होता, लढाईवर गेलेला शिपाई होता, न्यायसभेत बसलेला पंच होता आणि दहा मुलांचा पिता होता. १४६७ मध्ये, वयाच्या पन्नाशीत, पत्नी डोरोथेआच्या संमतीने त्याने संसार सोडला आणि घरापासून थोड्याच अंतरावर झोपडी बांधून तो ईश्वरचिंतनात राहू लागला. सभा मोडण्याच्या बेतात असता स्टान्सचा धर्मोपदेशक रात्री त्याच्याकडे गेला आणि त्याचा निरोप घेऊन परतला. तो निरोप कोणत्या शब्दांत होता, हे कोणी लिहून ठेवले नाही. परंतु त्यानंतर थोड्याच अवधीत, २२ डिसेंबर रोजी, तह झाला आणि दोन्ही नगरे संघात आली.

भक्तजनहो, ज्याला लुटीतील कवडीही नको होती, त्याचाच शब्द लुटीसाठी भांडणाऱ्यांनी मानला. निःस्पृहतेचे सामर्थ्य याहून अधिक काय सांगावे?

त्या तहातील एक कलम आपण ध्यानात ठेवावे. लढाईत मिळालेली चीजवस्तू ज्याची जितकी माणसे त्या मानाने वाटावी. जिंकलेला मुलूख मात्र सर्व कँटनांनी समसमान घ्यावा. म्हणजे एका ठिकाणी माणसांची गणना आणि दुसऱ्या ठिकाणी घराण्याचा मान. हे सूत्र पुढे पुन्हा भेटेल.

यानंतर सारे सुरळीत झाले असे मात्र नाही. धर्मसुधारणेच्या काळात झुरिच प्रॉटेस्टंट झाले आणि डोंगरी कँटने कॅथलिक राहिली. १५२९ मध्ये काप्पेल येथे दोन सैन्ये समोरासमोर ठाकली. वाटाघाटी चालू असता उपाशी शिपायांनी सीमेवर एक भांडे ठेवले. एका पक्षाने दूध घातले, दुसऱ्याने भाकरी, आणि सर्वांनी मिळून खाल्ले, अशी कथा तेथे सांगतात. कथा गोड आहे. पण दोनच वर्षांनी त्याच काप्पेलला लढाई झाली आणि सुधारक झ्विंग्ली तीत मारला गेला. एका पंक्तीचे जेवण ही एकीची सुरुवात असते. तेवढ्याने एकी पुरी होत नाही, हे आपणही विसरू नये.

दुसरा दोष याहून खोल होता. स्वातंत्र्याची बढाई मारणारी ही कँटने स्वतः इतरांवर राज्य करीत. फ्रेंचभाषी व्हो हा बर्नचा अंकित मुलूख होता. इटालियनभाषी टिचिनोवर जर्मनभाषी कँटनांचे अधिकारी जात. अशा ठिकाणी भाषांची समानता कोठून येणार? १७९८ मध्ये फ्रेंच सैन्य आले. त्याने जुनी व्यवस्था मोडली, अंकितपणा नष्ट केला, आणि सर्व कँटनांचे एकच अखंड प्रजासत्ताक बनविले. पहिले काम टिकले, दुसरे टिकले नाही. सर्वांना एका साच्यात ओतण्याचा तो प्रयोग पाच वर्षांत कोसळला. १८०३ मध्ये नेपोलियनने कँटने पुन्हा उभी केली. या वेळी व्हो आणि टिचिनो बरोबरीच्या नात्याने आत आली. १८१५ पर्यंत कँटनांची संख्या २२ झाली.

अखेरची कसोटी १८४७ मध्ये आली. सात कॅथलिक कँटनांनी आपला निराळा संघ केला होता. तो मोडण्यासाठी बहुमताने सैन्य धाडले. त्याचा सेनापती जिनीव्हाचा दुफूर हा मूळचा स्थापत्यकार, देशाचे नकाशे काढणारा. समोर आपलेच बांधव आहेत याचा त्याला क्षणभरही विसर पडला नाही. जखमींना, स्त्रियांना, वृद्धांना आणि धर्मगुरूंना अभय द्यावे, अशी त्याची सैन्यास सक्त ताकीद होती. फ्रीबूरला वेढा पडल्यावर त्याने शरणागतीची संधी दिली आणि शहर वाचविले. युद्ध महिन्याच्या आतच संपले. मृतांची संख्या शंभराच्या आसपास राहिली. हाच दुफूर पुढे रेडक्रॉसच्या संस्थापकांत होता.

युद्ध असे संपल्यामुळेच पुढचे शक्य झाले. १२ सप्टेंबर १८४८ रोजी नवी राज्यघटना अमलात आली. तीत दोन सभागृहे आहेत. एकात लोकसंख्येच्या मानाने प्रतिनिधी, तर दुसऱ्यात लहान-मोठ्या प्रत्येक पूर्ण कँटनाचे दोनच. स्टान्सच्या तहातील ते सूत्र आपणांस येथे पुन्हा दिसेल. जर्मन, फ्रेंच आणि इटालियन या तिन्ही राष्ट्रभाषा ठरल्या. जर्मन बोलणारे बहुसंख्य असूनही सात जणांच्या पहिल्या मंत्रिमंडळात व्होचा द्रुए आणि टिचिनोचा फ्रान्स्चीनी हे होते. अंतर्गत जकाती उठल्या. १८५० मध्ये नाणे एक झाले. शाळा आणि धर्म या बाबी मुख्यतः कँटनांकडेच राहिल्या.

जखम मात्र लगेच भरली नाही. पराभूतांवर लादलेल्या युद्धखर्चाची बाकी १८५२ मध्ये माफ झाली. त्यांच्या पक्षाचा पहिला मंत्री १८९१ मध्ये निवडला गेला. अर्धशतकाच्या आसपास काळ लोटला! १९३८ मध्ये रोमान्श ही चौथी राष्ट्रभाषा झाली. ती बोलणारे मूठभर, पण मतदारांतील दहांपैकी नऊंहून अधिकांनी तिला कौल दिला. बर्नला जोडलेल्या फ्रेंचभाषी जुरा प्रदेशातील असंतोष दीर्घकाळ धुमसला. तो पुन्हा पुन्हा लोकमत घेऊन सोडविण्यात आला आणि १९७९ मध्ये जुरा हे नवे कँटन झाले. उणिवाही आहेत. स्त्रियांना राष्ट्रीय मताधिकार १९७१ पर्यंत मिळाला नव्हता. बंधुत्वाची भाषा बोलणाऱ्यांनी भगिनींना इतकी वर्षे दाराबाहेर ठेवले.

या सहा-सात शतकांचे सार काय? तेथे कोणी आपली भाषा सोडून एक झाला नाही. अंकित होता तो समान झाला, तेव्हाच तो आपला झाला. थोरल्याने धाकट्यापेक्षा कमी मागितले, तेव्हा धाकट्याची भीती गेली. आणि जिंकणाऱ्याने हात आवरला, म्हणून हरलेला परत घरी आला.

त्यांची घटना उचलून येथे आणावी असे मी म्हणत नाही. प्रत्येक भूमीचे पीक निराळे. परंतु येथून घरी जाताना वाटेत आपणांस दुसऱ्या भाषेत बोलणारा शेजारी भेटेल. त्याच्या भाषेतील कुशलप्रश्नाचे दोन शब्द आपल्या ओठी असावेत, आणि आपल्या भाषेतील दोन शब्द त्याच्या ओठी. राज्ये करार करतील तेव्हा करोत. एवढा करार करावयास आपणांस कोणाच्या अनुज्ञेची गरज नाही.